आठव्या महिन्याचं कडवं

चित्रलेखाला स्वतःचं गाणं पुन्हा ऐकू आलं ते सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या दातांच्या दवाखान्यात, गाल सुजलेल्या एका मुलाच्या फोनमधून. ती तिथं रिसेप्शनला बसते. मुलगा अक्कलदाढ काढायला आला होता, घाबरलेला होता, आणि घाबरलेली मुलं हल्ली करतात तसं एकच रील पुन्हापुन्हा बघत होता.

पहिल्या महिन्याला बाई, नको फोडणीचा वास
दुसऱ्या महिन्याला वाटे, घ्यावा चिंचेचाच घास

चित्रलेखाचं बोट की-बोर्डवर तसंच राहिलं आणि पुढच्या पेशंटच्या नावापुढे ओळभर 'k' उमटले. ती उठली, पाण्याच्या मशीनशी जायचं निमित्त करून मुलाच्या मागे उभी राहिली. पडद्यावर कुठल्याशा शेअर फ्लॅटमध्ये कुणी तेलात मोहरी टाकत होतं, स्मोक अलार्म बोंबलत होता आणि एक मुलगा खुर्चीवर चढून त्याला टॉवेलनं वारा घालत होता. फोडणीचा वास नको म्हणजे हे. चिंचेच्या ओळीला विमानतळावरचा अधिकारी निळे हातमोजे घालून कुणाच्या तरी आईनं दिलेलं चिंचेचं पाकीट कचऱ्यात टाकत होता. गाणं धावत होतं. मागे कुणीतरी प्लॅस्टिकच्या डब्यावर ताल धरला होता.

तिनं विचारलं, कोणाचं रे गाणं? मुलगा सुजल्या तोंडानं म्हणाला की ट्रॅडिशनल आहे आंटी, खूप जुनं आहे, आमच्या सगळ्या युनिव्हर्सिटीत चालू आहे. मग भलेपणानं त्यानं विचारलं, "तुम्हाला माहीत नाही?"

"जन्मतारीख सांग तुझी," चित्रलेखा म्हणाली. "फॉर्मवर राहिलीय."

एक काळ होता, शेजारच्या गिरावीन उपनगरातल्या बायकांत डोहाळजेवण ठरलं की पहिला फोन चित्रलेखाला जायचा. केटररला दुसरा. आपल्याकडची छापील डोहाळगीतं तिला चालत नसत. इथल्या बाईला कुठून आठवणार अंजिरी शालू आणि रायआवळे? ती गरोदर बाईला फोन करायची, काय खावंसं वाटतं, काय बघवत नाही, नवरा काय बावळटपणा करतो, सगळं विचारायची आणि मग भाजी निवडता निवडता गाणं करायची. एकीला सर्व्होवरच्या, म्हणजे पंपावरच्या, पेट्रोलचा वास आवडायला लागला होता. तोही तिनं बसवला, आणि बायका हसून लोळल्या होत्या. तिचा एक नियम होता. बाईला जेवढे महिने भरलेत तेवढीच कडवी. सातवा असेल तर सात. उरलेली दोन बारशाला. न आलेल्या महिन्याचं गाणं आधी म्हणू नये, असं तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिचं तिनंच ठरवलं होतं.

मग तिची स्वतःची वेळ आली, खूप वर्षं वाट बघून. खरं तर आपले डोहाळे आपण लिहायचे नसतात. ते माहेरच्यांनी म्हणायचे, मैत्रिणींनी म्हणायचे. पण माहेर पुण्याला, आणि मैत्रिणींत यमक जुळवणारी एकही नाही. शेवटी तिनंच सात कडवी केली आणि फुलांचे दागिने घालून, हातात पुठ्ठ्याचा धनुष्यबाण धरून, मंडळातल्या पद्माच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या झोपाळ्यावर बसून स्वतःच म्हटली. झोपाळ्याच्या लयीत, सावकाश.

आठव्या महिन्यात बाळ पोटात हलायचं थांबलं. मुलगा होता. ते कळलं तेव्हा कळून काही उपयोग नव्हता.

बायका चांगल्या होत्या. डबे आणले, भांडी घासली, श्रीनिवासला, तिच्या नवऱ्याला, समजावलं. पण नंतर तिला कोणी गाणं सांगितलं नाही. कोणी वावगं बोललंही नाही. डोहाळजेवणं होत राहिली, आणि प्रत्येकीची बातमी चित्रलेखाला दुसऱ्या दिवशी कळायची, बर्फीच्या डब्यासोबत. अगं, फार घाईत ठरलं. अगं, तुला त्रास नको म्हणून. तिनं बर्फी खाल्ली. बर्फीचा काय दोष?

कोविडनंतर बॉर्डर उघडल्यावर शहरात विद्यार्थ्यांचा लोंढा आला. भाड्याची घरं बघायला रस्त्याच्या टोकापर्यंत रांगा लागायच्या, पोरं पोरांच्या हॉलमध्ये गाद्या टाकून झोपायची. ज्यांच्याकडे रिकामी खोली होती त्यांना ती रिकामी ठेवायची लाज वाटावी असे दिवस. चित्रलेखाकडे एक होती. पिवळा रंग दिलेली. तिथं चिन्मयी आली. ठाण्याची, डेटा सायन्सला, वीकएंडला वृद्धाश्रमात शिफ्ट करणारी, आणि जेवताना पाय खुर्चीवर घेणारी. चित्रलेखानं तिला पहिल्या दिवशी पाय खाली घ्यायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सांगायचं सोडून दिलं.

पोळ्या लाटताना ती काहीतरी गुणगुणत होती, ते चिन्मयीनं ऐकलं. काकू, काय म्हणताय? काही नाही गं, जुनं आहे. म्हणा ना पूर्ण. आणि चित्रलेखानं म्हटलं. इतक्या वर्षांत कोणी 'म्हण' म्हणालं नव्हतं. सातही कडवी म्हटली, पोळी करपेपर्यंत.

रीलमधला आवाज चिन्मयीचा होता, पण जुनं आहे, हे चित्रलेखाच म्हणाली होती. त्यामुळे दवाखान्यातून घरी येताना ट्रेनमध्ये तिनं मनात जे भांडण तयार केलं होतं, ते दारातच संपलं. चिन्मयीनं काहीच लपवलं नव्हतं. उलट ती हरखून गेली. काकू, तुम्ही इन्स्टावर नाही म्हणून, नाहीतर टॅगच करणार होते. मेलबर्नला पोहोचलंय, तिथल्या पॉइंट कुकमधल्या कुणीतरी डान्स बसवलाय, पुण्याहून लोक विचारतायत. तिनं फोन काढला आणि दोघींनी सिंकपाशी उभं राहून ते अखंड ऐकलं.

चित्रलेखा दुष्टपणानं ऐकत होती. चूक शोधत होती. डोहाळ्यांचे महिने मुलीनं परदेशात उतरल्यापासूनचे महिने केले होते, आणि शब्द मात्र जवळजवळ तेच. तरीही बसत होते. चौथ्या कडव्यात तिनं लिहिलं होतं, 'खावा केशराचा भात'. ते तिला तेव्हाच जरा दुकानी वाटलं होतं, पण यमक मिळालं म्हणून ठेवलं होतं. चिन्मयी गात होती, 'खावा कालचाच भात'.

कालचाच. पंधरा वर्षं हा शब्द कुठे होता? केशर कोणाला हवंय? पोटुशी बाई असो की घरापासून तुटलेली पोर, तिला कालचाच भात हवा असतो, दह्यात कालवलेला, आईनं झाकून ठेवलेला. चित्रलेखाला मुलीच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग तिला जवळ घ्यावंसं वाटलं. तिनं नळ सोडला आणि स्वच्छ असलेला पेला धुतला.

सातवं कडवं झालं, पाय जमिनीला जड झाले, आत कुणीतरी म्हणालं जरा हळू हळू चढ. रीलमध्ये एक मुलगी तांदळाची पिशवी घेऊन जिने चढत होती. इथं गाणं संपायला हवं होतं. ते संपलं नाही.

नवव्या महिन्याला आता, काही मागायचं नाही
दार उघड तेवढं, मी आलेय गं आई

"हे माझं आहे," चिन्मयी लाजत म्हणाली. "शेवट नव्हता ना गाण्याला. जुन्या गाण्यांचे शेवट हरवतात."

चित्रलेखानं नळ बंद केला. मग विचारलं, आठवा कुठे गेला? चिन्मयी म्हणाली की आठव्यात एक्झाम्स येतात, आणि खरं सांगायचं तर सुचलंच नाही, आणि कोण मोजतंय, काकू?

श्रीनिवास मागच्या दारातून आत आला होता. त्यानं गाणं ऐकलं, बायकोकडे पाहिलं, आणि कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेला. त्या दिवशी कचऱ्याची गाडी येत नसते. तो बराच वेळ डब्यापाशी उभा होता.

पुढच्या शनिवारी दुपारी पद्मा आली. पद्मा म्हणजे इथल्या मराठी मंडळाचं अर्धं मंडळ; हॉल तिच्या शब्दावर मिळतो आणि ढोल तिच्या गॅरेजमध्ये राहतात. तिच्या मुलीला, ओवीला, सातवा लागला होता आणि कोल्हापूरहून ओवीच्या सासूबाई खास डोहाळजेवणासाठी आल्या होत्या. पद्मानं चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाली, हवेतल्या गारठ्याबद्दल बोलली, आणि मग एकदम मुद्द्यावर आली. ओवीला ते चिन्मयीचं गाणं हवंय. हट्टच धरलाय, नवव्या कडव्यासकट. Mum, that one or nothing.

"चिन्मयीचं," चित्रलेखा म्हणाली.

पद्मानं तिच्याकडे पाहिलं. तिला सगळं आठवत होतं. झोपाळा तिच्याच गॅरेजमध्ये होता. "पोरांना काय माहीत गं," ती म्हणाली. "आपण दोघीच काय त्या."

अडचण वेगळीच होती. विहीणबाई मोजतात. साड्या मोजतात, भाताचे प्रकार मोजतात, त्या महिनेही मोजणार. सातानंतर एकदम नववा ऐकला तर तिथल्या तिथे उठतील. आणि मला तरी कसं चालेल, पद्मा म्हणाली, पोटुशीच्या गाण्यातून आठवा महिनाच गायब? तूच सांग. चिन्मयीला विचारलं तर ती म्हणते सुचत नाही. तेव्हा आठवं कडवं तू करून दे. तुझ्याइतकं पटकन कोणाला जमणार?

चित्रलेखाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पण पद्मा शांतपणे बिस्किट बुडवत होती. ती क्रूर नव्हती. तिला एक कडवं हवं होतं, जसा एखादीला पाहुण्यांपुरता मोठा कुकर हवा असतो.

"आणि नाव?" चित्रलेखानं विचारलं.

"नाव कशाला? पारंपरिकच बरं." पद्मानं बिस्किट संपवलं. "चित्रा, वाईट वाटून घेऊ नकोस. माझा काही विश्वास नाही असल्या गोष्टींवर. पण तुझं आहे म्हणून कळलं, तर मग ओवीपुढे मला ते म्हणवून घेता येणार नाही. आईचं मन असतं. तुला नाही कळायचं."

हे शेवटचं तिच्या तोंडून सहज निघून गेलं, आणि निघाल्यावरही तिच्या लक्षात आलं नाही.

चित्रलेखानं कप उचलले. कप हातात असताना तिनं विचारलं, "मी येऊ का?"

"अगं, हा काय प्रश्न झाला? ये ना. किचनमध्ये हात लागणारच आहेत."

कडवं तिला पद्माची गाडी गेटबाहेर पडायच्या आत सुचलं होतं. तेच तिला जास्त लागलं. खरं म्हणजे ते पंधरा वर्षं आत तयार बसलं होतं. तरी तिनं सगळी भेंडी चिरून होईपर्यंत त्याला थांबवून ठेवलं. मग चिन्मयीला हाक मारली आणि म्हणून दाखवलं.

आठव्या महिन्याला बाई, घर निजलेलं सारं
मी जागी, तू जागा राहा, उघडं ठेवते मी दार

चिन्मयी टेबलाशी पाय वर घेऊन बसली होती. तिनं पाय खाली घेतले. "हे तुम्ही लिहिलंत," ती म्हणाली. आणि मग हळूच, "सगळंच तुम्ही लिहिलंय."

चित्रलेखानं सांगितलं. भेंडीवर मीठ घालायचं नाही, तार सुटते, हे जसं सांगतात तसं सांगितलं. सातवा, आठवा, पिवळी खोली. चिन्मयी त्याच खोलीत झोपत होती. ती रडली, अगदी खरं रडली, नाक पुसायला पोळीचं फडकं घेतलं. काकू सॉरी, मला माहीतच नव्हतं, मी आजच दुरुस्त करते, तुमचं नाव घालते. चित्रलेखा थांबली. नावाचं ऐकून छातीत काहीतरी उठून बसलं होतं, म्हातारी कुत्री हाक ऐकून उठते तसं.

"आणि ही स्टोरी पण," चिन्मयी डोळे पुसत म्हणाली. "लोकांना कळायलाच हवी. तुम्ही किचनमध्ये, तुमचा आवाज, मागे ती खोली. काकू, लोक किती कनेक्ट करतील, तुम्हाला कल्पना नाही."

मुलगी चांगली होती. डोळे अजून ओले होते. फक्त हात फोनकडे गेला होता.

"पारंपरिकच राहू दे," चित्रलेखा म्हणाली.

"पण का? तुमचं गाणं आहे."

"माझं म्हणून कळलं की ऐकणारा प्रत्येक जण त्याला बघायला येईल, म्हणणार कोणी नाही. मला ते पुन्हा झोपाळ्यापाशी हवंय. तिथं जायचं तर त्याला माझ्याशिवाय जावं लागेल." तिनं भेंडी कढईत लोटली. "आणि एक. आठव्याला धावू नकोस. बाकी तुझ्या चालीत म्हण. तुझी चांगली आहे."

हे म्हणताना ती कढईकडेच बघत होती, कारण ते खरं होतं.

डोहाळजेवण पद्माच्याच गॅरेजमध्ये झालं. तोच हूक, त्यावर नवा झोपाळा. बाहेर जुलैचा गारठा, आत दोन हीटर आणि साठ बायकांची ऊब. ओवी हिरव्या साडीत, फुलांचा मुकुट कानावर घसरलेला, खाली धावायचे बूट, कारण पाय सुजले होते. ओटी भरायला पाच जणींची नावं पुकारली. सहावीची गरज नव्हती. चित्रलेखा किचनमध्ये, गॅरेजकडे उघडणाऱ्या मधल्या दाराशी, मसालेभाताच्या पातेल्यापाशी उभी होती. तिथून झोपाळ्याची एक दोरी दिसत होती आणि ओवीचा बूट.

चिन्मयीनं डबा मांडीवर घेतला. हे पारंपरिक गाणं आहे, ती म्हणाली, कोणी रचलं ते माहीत नाही. म्हणताना तिची नजर मधल्या दाराकडे आली. पद्मानं खोकून ती परत फिरवली.

पहिल्या ओळीपासून बायकांनी धरलं. त्यांना पाठ होतं. मुलांच्या फोनवरून झालं होतं. पंधरा वर्षांपूर्वी ज्या बायका चित्रलेखाच्या झोपाळ्याभोवती होत्या, त्यांच्यातल्या निम्म्या आजही होत्या. कुणाच्या भुवया जराशा आक्रसल्या, कुठे ऐकलंय बरं, आणि टाळीच्या ठेक्यात पुन्हा सैल झाल्या. कालचाच भातला तर एकीनं शिट्टी मारली. चित्रलेखाच्या ओठांवर 'केशराचा' आलं होतं. तिनं ते गिळलं.

सातवं झालं. चिन्मयीनं डब्यावरचा हात उचलला. सांगितलं होतं तशी थांबली, आणि नुसत्या आवाजात, सावकाश म्हणाली. मी जागी, तू जागा राहा.

दोरी तेवढी करकरत होती. मग ओवी म्हणाली, "Oh my God, he's kicking. Mum, feel, feel." आणि सगळ्या बायका हसत, एकमेकींना ढकलत, हात पुढे करून तिच्या पोटाकडे धावल्या. चित्रलेखाला बूटही दिसेनासा झाला. तिनं हातातला डाव घट्ट धरला. भाताला खाली लागत होतं, ते तिनं ढवळलं.

नवव्या कडव्याला पुन्हा डबा वाजला. दार उघड तेवढं. टाळ्या थांबेनात. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण, असा गलका झाला.

विहीणबाई पाणी मागायला आत आल्या. जरतारी साडी, नाकात नथ, डोळे भरलेले. समाधान पावल्या होत्या. चित्रलेखानं पेला दिला. त्या म्हणाल्या, काय गाणं टिकवलंय हो तुम्ही लोकांनी इथं परक्या देशात. आमच्याकडे पूर्वी घरोघर हेच म्हणायचे. "माझी आजी म्हणायची. त्यातलं आठवं तर खास तिचं. ते म्हणताना तिचा गळा दाटायचा. आताच्या पोरींना ते येतच नाही. हिला आलं, मला कौतुक वाटलं."

चित्रलेखानं त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलणारी बाई अशी दिसत नाही. त्यांना खरंच आजी दिसत होती.

बाहेर गाणं दुसऱ्यांदा सुरू झालं होतं. चित्रलेखा पातेल्याकडे वळली आणि नकळत बरोबर म्हणू लागली, पण जीभ जुन्या लयीतच होती. बायका पुढे निघून गेल्या आणि ती झोपाळ्याच्या गतीनं मागे राहिली.

विहीणबाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. "ताई, राग मानू नका. चाल तुमची जरा चुकतेय. शब्दही केशराचा नाही, कालचाच. जुनं आहे ना, जसंच्या तसं म्हणायला हवं."

"हो का?" चित्रलेखा म्हणाली. तिनं गॅस बारीक केला. "एकदा म्हणून दाखवता?"

विहीणबाईंनी पेला खाली ठेवला आणि तिथंच, ओट्याला टेकून, हातानं ताल देत पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. चित्रलेखा त्यांच्यामागून एकेक ओळ म्हणत गेली. चौथ्यापर्यंत तिला बऱ्यापैकी जमलं.

"आता बरोबर," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला मुलं किती?"